'सॉन्ग सायकल' ऐकायचाय? मग मुखडा शोधत बसू नका

पहिलंच सांगून टाकतो, हा अल्बम पहिल्या फटक्यात कुणालाच आवडत नाही. ज्यांना आवडला म्हणतात ते जरा चढवून सांगतायत असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः चार वेळा सुरू केला, ठाणे-वाशी लोकलमध्ये, सकाळी ऑफिसला जाताना, आणि चारही वेळा ऐरोली यायच्या आत बंद करून आपलं नेहमीचं आरडी लावलं. पाचव्यांदा जमलं आणि ते पण माझ्या हुशारीने नाही, शेजारच्या काकांमुळे, ते पुढे येईलच. तर ज्यांना कुणीतरी "ऐकच, सायकेडेलिक काळातली खतरनाक चीज आहे" म्हणून लिंक पाठवलीय आणि ऐकल्यावर 'माझ्याच डोक्यात काहीतरी कमी आहे का' असं वाटलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

अल्बमचं नाव 'सॉन्ग सायकल', करणारा व्हॅन डाइक पार्क्स. १९६७ च्या शेवटी वॉर्नर ब्रदर्सने काढला, प्रोड्युसर लेनी वॉरोन्कर. पार्क्स तेव्हा फक्त २४ वर्षांचा. जन्म मिसिसिपीतला, लहानपणी पडद्यावर छोटी कामं केलेली, ग्रेस केलीच्या 'द स्वान' मध्ये पण आहे तो, मग लॉस एंजेलिसला येऊन स्टुडिओत कीबोर्ड वाजव, कुणाची ॲरेंजमेंट (म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते ठरवणं) करून दे असं करत करत बीच बॉइज ह्या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनबरोबर 'स्माइल' नावाच्या अल्बमची गाणी लिहायला बसला. ते 'स्माइल' १९६७ मध्ये बारगळलं. आणि हो, ह्या माणसाचं काम तुम्ही बहुतेक ऐकलेलं आहे, डिस्नेच्या १९६७ च्या 'जंगल बुक' मधलं बलू अस्वलाचं ते निवांत गाणं, त्याची ॲरेंजमेंट ह्याचीच.

आता 'सायकेडेलिक', म्हणजे साठच्या दशकातलं ते गुंगी आल्यासारखं संगीत, ह्या शब्दाने फसू नका. आपल्याला वाटतं की गिटारचा गोंगाट असणार, मध्ये कुठेतरी सतार येणार, कारण त्या वर्षी तिकडे सगळ्यांना भारताचं वेड लागलं होतं, जून १९६७ ला माँटेरीच्या फेस्टिव्हलमध्ये पंडित रविशंकर वाजवून आले आणि लोक येडे झाले. आणि हा पठ्ठ्या नेमका उलट्या दिशेला गेला. सगळे पूर्वेकडे बघत असताना हा स्वतःच्या आजोबांच्या अमेरिकेकडे बघत होता, म्हणजे चर्चची भजनं, रॅगटाइम पियानो, जुन्या दिवाणखान्यातली गाणी, सर्कशीचा बँड, कार्टूनचं म्युझिक. सायकेडेलिक काय असेल तर ते हे सगळं एकाच गाण्यात, एकाच मिनिटात, एकमेकांच्या अंगावर पडतं ते. अल्बमचं काम चालू असतानाचं कच्चं नाव 'लूनी ट्यून्स' होतं, त्या वॉर्नरच्याच कार्टूनवरून, आणि खरं सांगू का, तेच ठेवायला हवं होतं, ऐकणाऱ्याला निदान अंदाज आला असता.

तयारी फार नाही. एक म्हणजे शफल बंद करा, आणि ॲपमध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळायचं सेटिंग चालू असेल तर तेही बंद करा, कारण इथे गाणी स्वतःच एकमेकांत घुसतात, त्यात अजून तुमच्या ॲपने ढवळाढवळ केली तर खिचडी. दुसरं, फोनच्या स्पीकरवर अजिबात नको. हार्प, व्हायोलिनं, बारीक घंटा, दूरवरून येणारे आवाज, सगळं बारीक काम आहे ते, फोनच्या स्पीकरवर सगळ्याचा नुसता किरकिराट होतो. मी एकदा स्वयंपाकघरात लावला होता तर आई म्हणाली, "स्टेशन नीट लागत नाहीये का रे?" साधे वायरवाले इअरफोन चालतील, महागडं काही लागत नाही.

आणि तिसरं, पहिल्या दोन-तीन वेळा लोकलमध्ये नको, ही माझी चूक तुम्ही करू नका. रात्री दहानंतर घरी, किंवा रविवारी सकाळी लवकर उपवनला जाऊन एखाद्या बाकावर. आठनंतर तिथे चालणाऱ्यांची आणि मोबाईलवर भक्तिगीतं लावणाऱ्यांची गर्दी होते, त्याच्या आधी जा. एकदा अल्बम अंगवळणी पडला की मग मात्र ट्रान्स-हार्बरच्या लोकलसारखी जागा नाही, ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास आणि अल्बम साडेबत्तीस मिनिटांचा, मूळ तबकडीची पहिली बाजू १५ मिनिटांची, घणसोलीच्या आसपास संपते, शेवटचं गाणं वाशीच्या जिन्यावर. असा मेळ मुद्दाम बसवू म्हटलं तरी बसणार नाही.

आता मुख्य गोष्ट. अल्बम पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. हो, कळतंय मला, शुद्ध लोकांना हे चालणार नाही, अल्बम हा एक सलग अनुभव आहे वगैरे. असेल. पण तलावात पोहायला शिकताना कुणी मधोमध उडी मारत नाही. आठव्या ट्रॅकपासून सुरू करा, 'डोनोव्हन्स कलर्स'. डोनोव्हन हा स्कॉटिश गायक, त्याचं १९६५ चं 'कलर्स' हे अगदी साधं, गिटार घेऊन गुणगुणायचं गाणं, ते आधी एकदा मूळ ऐकून घ्या, तीनच मिनिटांचं काम. मग हे ऐका. इथे शब्द नाहीत, नुसती वाद्यं. चाल तीच आहे पण तिला कॅरिबियन बेटांवर फिरवून आणलंय, कॅलिप्सोसारखा डोलणारा ठेका, पियानो धावतोय, मध्येच सगळं थांबतं, मध्येच कुणीतरी भलत्याच कोपऱ्यातून चाल उचलतं. चाल ओळखीची असल्यामुळे हात सुटत नाही, हीच त्यातली सोय. हा ट्रॅक अल्बमच्या आधी सिंगल म्हणून निघाला होता, तेही 'जॉर्ज वॉशिंग्टन ब्राउन' असल्या टोपणनावाने.

तीन वेळा ऐका, तीन वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या वेळी फक्त चाल पकडा. दुसऱ्या वेळी फक्त खालचा ठेका. तिसऱ्या वेळी चाल सोडून द्या आणि तिच्या आजूबाजूला काय चाललंय तेवढंच ऐका. ही तिसरी वेळ म्हणजे सगळ्या अल्बमची किल्ली आहे, आणि ती मला मिळाली काकांकडून.

काका आमच्या मजल्यावर राहतात, नौपाड्यात, वय ७५ च्या पुढे. बँकेतून रिटायर झाले पण खरी ओळख ॲकॉर्डियनची. ऐंशीच्या दशकात ठाण्या-मुंबईत जे ऑर्केस्ट्रे होते, लग्नात, गणपतीत, गडकरी रंगायतनला तिकीट लावून, त्यातल्या दोन-तीन ठिकाणी ते वाजवायचे. एका रविवारी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो, बोलता बोलता म्हटलं काका एक गंमत ऐकवतो, आणि इअरफोन दिले. मला वाटलं मिनिटभरात काढून परत देतील. नाही. डोळे मिटले, डाव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली, ती ॲकॉर्डियनची बेसची बटणं असतात ना तशी. काकू बिस्किटं घेऊन आल्या तर हातानेच थांब म्हणाले. ट्रॅक संपला, ते म्हणाले, "पुढचं लाव." पुढचं लावलं, त्याच्या पुढचं लावलं, आणि मग एकदम डोळे उघडून मोठ्याने हसले.

"अरे ह्यात सगळे पीसच आहेत! मुखडा कुठाय?"

पीस म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या सिनेमाच्या गाण्यात मुखडा झाला की अंतरा सुरू होण्याआधी जे वाद्यांचं वाजतं ते, म्युझिक पीस. ऑर्केस्ट्रातले लोक रात्र रात्र जागून कॅसेट मागे-पुढे करून ते पीस बसवायचे, कारण पब्लिकला गायक थोडा इकडे-तिकडे चालतो पण पीस चुकला की लगेच कळतं. आणि गायक गात असताना मागे व्हायोलिनं जी स्वतःची वेगळीच चाल चालवत असतात तो काउंटर, आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत बासरी किंवा ॲकॉर्डियन जे टुणकन भरतं तो फिलर. काकांचं म्हणणं, आपण सगळे जन्मापासून हे ऐकत आलोय, शंकर-जयकिशनच्या गाण्यातल्या त्या शंभर व्हायोलिनी वाटणाऱ्या लाटा, त्यांचे ॲरेंजर सेबॅस्टियन डिसूझा, गोव्याचे, स्टाफ नोटेशन, म्हणजे ती पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, लिहून वादकांसमोर ठेवायचे, हे सगळं आपल्या कानात बसलेलंच आहे. फक्त आपण गाण्याला गाणं म्हणजे लताबाई नाहीतर रफी एवढंच समजतो आणि बाकीचं 'म्युझिक' म्हणून सोडून देतो. "ह्या बाबाने मुखडा काढून टाकलाय आणि पीस, काउंटर, फिलर ह्याचंच जेवण केलंय," असं म्हणाले, "लोणच्याचं जेवण, पण लोणचं चांगलंय."

नंतर मला वॉर्नरच्या ऑफिसातला एक किस्सा वाचायला मिळाला. कंपनीतले मोठे अधिकारी जो स्मिथ, त्यांना हा अल्बम ऐकवला तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, सॉन्ग सायकल ठीक आहे, पण सॉन्ग्ज कुठायत? म्हणजे बघा, काका आणि तो साहेब दोघांनी अगदी एकच प्रश्न विचारला. साहेबाने कपाळाला हात लावून आणि काकांनी हसून, एवढाच फरक, आणि हा अल्बम ऐकायचा म्हणजे साहेबाच्या कपाळावरच्या हातापासून काकांच्या हसण्यापर्यंत यायचं.

तर आता पहिल्या ट्रॅककडे जाऊ, 'व्हाइन स्ट्रीट', आणि हा जरा सावकाश ऐकू कारण सगळ्या खोड्या इथेच आहेत. लिहिलेलं गाणं रँडी न्यूमनचं, हाही तेव्हा कुणी फार ओळखत नसलेला पोरगा. तुम्ही प्ले करता आणि एकदम जोरात गावरान अमेरिकन गाणं सुरू होतं, 'ब्लॅक जॅक डेव्ही', जुनं लोकगीत, गिटार खडखडतेय, आणि गाणारा पार्क्स नाहीच, स्टीव्ह यंग नावाचा दुसराच गायक आहे. तुम्ही म्हणता अच्छा, असा अल्बम आहे होय, पाय हलायला लागतो. आणि ते गाणं हळूहळू लांब जातं. राम मारुती रोडवर उभे असताना एखादी रिक्षा मोठ्याने गाणं लावून समोरून जाते आणि आवाज वळणावर नाहीसा होतो, तसं. मग तंतुवाद्यं येतात आणि एक बारीक, लाजरा आवाज सांगायला लागतो की आत्ता वाजली ती आम्ही केलेली एक टेप होती, तिचं पुढे काही झालं नाही. म्हणजे तुम्ही अल्बम ऐकत नव्हतात, अल्बममधला माणूस स्वतःची जुनी टेप ऐकत होता आणि तुम्ही त्याच्या खांद्यावरून ऐकत होतात! हे मला कळलं ना, तेव्हा मी ट्रॅक थांबवून परत पहिल्यापासून लावला. सुरुवातीलाच फसवलं, आणि फसवून आठवणीत नेऊन ठेवलं. ह्यापुढे अल्बममध्ये काहीही अचानक आलं की हेच समजायचं, कुणाला तरी काहीतरी आठवलंय.

एकावर एक पडणाऱ्या आवाजांचा त्रास होत असेल तर एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत चार्ल्स आइव्ह्ज नावाचा संगीतकार होऊन गेला, त्याचे वडील कनेक्टिकटमधल्या डॅनबरी गावात बँडमास्टर होते, आणि त्यांनी हौस म्हणून दोन बँड दोन वेगळ्या चाली वाजवत समोरासमोर चालवले होते, एकमेकांना ओलांडताना कसं ऐकू येतं ते बघायला. पार्क्सच्या डोक्यात तीच जत्रा आहे. आणि ठाणेकराला हे समजावून सांगायची गरज आहे का? अनंत चतुर्दशीला तलावपाळीच्या कोपऱ्यावर उभे राहा. एका बाजूने ढोल-ताशा येतोय, दुसऱ्या मंडळाची बेंजो पार्टी कोळीगीत वाजवतेय, मागे कुणाचातरी ब्रास बँड, आणि मधल्या तीस सेकंदांत तिन्ही एकावर एक, तुम्हाला मात्र प्रत्येक वेगळं ऐकू येतं कारण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. तसंच इथे. डाव्या कानात काय, उजव्यात काय, जवळ काय, लांब काय, असं जागेने ऐका, गोंधळ आपोआप सुटतो.

आवाजाबद्दल बोलायलाच हवं कारण बरेच लोक तिथेच अडकतात. पार्क्सचा आवाज बारीक आहे, नाकात नाही पण उंच आणि कागदासारखा, वर त्याच्यावर मशीनचे प्रयोग केलेत. ब्रूस बॉटनिक नावाच्या इंजिनिअरने तर एक जुगाड केला होता, मास्किंग टेपची पंख्यासारखी घडी करून ती टेपमशीनच्या फिरत्या खुंटीवर चिकटवली, त्यामुळे टेप उड्या मारत फिरायची आणि आवाजाला थरथर यायची, त्याला त्यांनी 'फार्कल' असं नाव ठेवलं होतं. आपल्यापैकी ज्यांनी पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळलीय त्यांना तो आवाज कुठून येतो ते बरोबर कळेल, फक्त आपण ती खराबी समजून टेप फेकली आणि ह्यांनी मुद्दाम करून घेतली. मी आवाजाची अपेक्षाच सोडून दिली. तो गायक नाही, तो अजून एक क्लॅरिनेट आहे असं धरून चाला. मग त्रास होत नाही.

शब्द? पहिले चार-पाच वेळा शब्द उघडूच नका. मी उघडले आणि पस्तावलो. त्याची भाषा म्हणजे श्लेषावर श्लेष, एका ओळीत तीन यमकं, शब्दाचा अर्ध्यात अर्थ बदलतो, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना पण ते पटकन लागत नाही, त्यामुळे न्यूनगंड अजिबात बाळगू नका. त्याऐवजी नुसती ट्रॅकची नावं बघा. व्हाइन स्ट्रीट, लॉरेल कॅनियन बुलेवार्ड, पाम डेझर्ट. पत्ते आहेत हो ते! पहिले दोन लॉस एंजेलिसमधले रस्ते, तिसरं कॅलिफोर्नियातलंच वाळवंटातलं गाव. म्हणजे बाहेरून आलेला एक मुलगा नव्या शहराचा नकाशा काढतोय. कुणी अल्बम काढला आणि गाण्यांची नावं ठेवली गोखले रोड, येऊर, कोपरी पूल, तर तुम्ही प्रत्येक गाण्यात काय शोधाल? तेच इथे शोधा. लॉरेल कॅनियन तर दोनदा येतं, पहिल्या बाजूला जेमतेम अर्धा मिनिट आणि दुसऱ्या बाजूला सव्वा मिनिट, म्हणजे जाताना एकदा आणि परत येताना एकदा त्याच रस्त्याने, असं मी तरी धरलंय.

तिसऱ्या ट्रॅकचं नाव 'विडोज वॉक', त्याचा अर्थ माहीत असला तर गाणं एकदम जवळ येतं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या जुन्या घरांना छपरावर कठडा घातलेली एक गच्ची असते, आणि खलाशांच्या बायका तिथे उभ्या राहून समुद्राकडे बघत जहाजाची वाट बघायच्या अशी त्यामागची गोष्ट सांगतात. जहाज नाही आलं की त्या गच्चीचं नाव 'विधवेची फेरी'. आमचं मूळ गाव दापोलीकडचं, माझ्या आजीच्या माहेरी बंदरावर जाऊन उभं राहायची पद्धत होती, त्यामुळे ह्या एका ट्रॅकला मी जरा झुकतं माप देतो, मान्य आहे.

मग विनोद. सहाव्या ट्रॅकचं नाव चक्क 'व्हॅन डाइक पार्क्स', स्वतःचंच नाव, आणि एक मिनिटही पूर्ण नाही. तुम्हाला वाटतं आता हा स्वतःबद्दल काहीतरी सांगणार. तर ऐकू येतं काय, पाण्याचा आवाज आणि लांबून 'निअरर माय गॉड टू दी' हे चर्चचं भजन, टायटॅनिक बुडताना जहाजावरच्या बँडने वाजवलं अशी दंतकथा आहे तेच. म्हणजे स्वतःच्या नावाचा ट्रॅक आणि त्यात हा बुडतोय. आणि ती रचना जुनी असल्यामुळे तिच्यापुढे लिहिलंय पब्लिक डोमेन, कुणाच्याच मालकीची नाही. लगेच पुढच्या ट्रॅकचं नाव काय? 'पब्लिक डोमेन'. आणि तो मात्र त्याने स्वतः लिहिलेला! हे घणसोलीला कळलं आणि मी एकटाच हसलो, समोरच्या काकूंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

कंटाळा कुठे येतो तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा पण त्यातलाच. दुसऱ्या बाजूला 'डोनोव्हन्स कलर्स' झालं की 'द ॲटिक' मध्ये मी अजून हरवतो, छान वाटतंय वाटतंय म्हणेपर्यंत निसटतं. आणि 'बाय द पीपल' जवळजवळ सहा मिनिटांचं, अल्बममधलं सगळ्यात लांब, अमेरिका आणि रशियाच्या त्या शीतयुद्धाच्या काळातलं, बलालायका म्हणजे ते तिकोनी रशियन तंतुवाद्य ऐकायला मजा येते पण चार मिनिटांत आटोपलं असतं असं माझं मत. पाम डेझर्ट आणि पाचवा 'द ऑल गोल्डन' मला दहाव्या वेळेनंतर आवडायला लागले, आता 'द ऑल गोल्डन' सगळ्यात आवडतं. ह्याला काही कारण देता येत नाही. सगळंच आवडायला हवं असा काही नियम नाही, मिसळीतला प्रत्येक फरसाणाचा तुकडा कोण मोजून खातं.

एक वेळापत्रक मागत असाल तर साधारण असं करा. पहिला आठवडा फक्त आठवा ट्रॅक, मध्ये मध्ये पहिला. दुसऱ्या आठवड्यात पहिली बाजू सलग, १ ते ६, पंधराच मिनिटं तर आहेत, जेवण झाल्यावर. दुसरी बाजू तिसऱ्या आठवड्यात. सगळा सलग त्यानंतरच. आणि रोज ऐकू नका, एक दिवस सोडून ऐका, कारण ह्या चाली ऐकताना लक्षात राहत नाहीत, दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना अचानक येतात, आणि आल्या की समजा काम झालं.

विकला गेला का? अजिबात नाही. समीक्षकांनी डोक्यावर घेतला आणि दुकानात पडून राहिला. मग वॉर्नरच्या जाहिराती लिहिणाऱ्या स्टॅन कॉर्निनने जी जाहिरात केली तिला तोड नाही, मथळाच असा की 'वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमवर' आम्ही ३५,५०९ डॉलर ५० सेंट कसे घालवले, आणि वर एक वैतागाचा शब्द. पन्नास सेंटसकट हिशोब! पुढे अजून एक योजना काढली, तुमच्याकडची ऐकून ऐकून झिजलेली प्रत पाठवा, सोबत एक सेंट, आम्ही दोन नव्या कोऱ्या प्रती देतो, एक तुम्हाला आणि एक मित्राला द्यायला. आपल्याकडे जुन्या साड्यांवर भांडी देणाऱ्या बायका यायच्या त्याचीच आठवण झाली. पार्क्सला म्हणे ह्या जाहिराती आवडल्या नाहीत, साहजिक आहे, आपल्या पहिल्या अल्बमचं नुकसान कुणी छापून वाटलं तर कुणाला आवडेल.

हा पचला तर पुढे त्याचाच १९७२ चा 'डिस्कव्हर अमेरिका' घ्या, त्रिनिदादच्या कॅलिप्सोवर आहे, खूपच सोपा आणि उन्हासारखा, काही जण तर म्हणतात आधी तोच ऐकावा. 'स्माइल' ब्रायन विल्सनने २००४ मध्ये नव्याने पूर्ण करून काढलं, ते ऐकलं की 'सॉन्ग सायकल' कुठल्या घरातून बाहेर पडलाय ते कळतं. आणि जोआना न्यूसमचा २००६ चा 'ईस' (Ys), हार्प वाजवत गाणारी बाई, तिच्या भोवतीचा ऑर्केस्ट्रा ह्याच पार्क्सने लिहिलाय, तिथे गाणी लांब आहेत पण पीस ऐकायची सवय लागली असेल तर वेळ कसा जातो कळत नाही.

काकांना मी सगळं पेनड्राइव्हवर घालून दिलं. गेल्या महिन्यात गेलो तर माळ्यावरून ॲकॉर्डियनची पेटी खाली काढलेली, आतलं मखमल उंदराने थोडं खाल्लेलं, भात्याला एका कोपऱ्यात चिकटपट्टी. आठव्या ट्रॅकमधला मधला एक पीस बसवतायत, लाइट बिलाच्या पाठीमागे पेन्सिलने सारेगम लिहून ठेवलीय. चार मात्रा छान जातात, मग एक पट्टी दाबली की नुसती हवा येते, आतली रीड गेलीय आणि आता ती दुरुस्त करणारा माणूस जवळपास राहिला नाही. तेवढा एक सूर काका तोंडाने म्हणतात आणि पुढे वाजवायला लागतात.